समुद्र भरायला निघालेली मुलगी

नारळी पौर्णिमेला आमच्या गावातली झाडून सगळी माणसं किनाऱ्यावर जातात. दापोली तालुक्यातलं छोटं गाव. सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ, हळद-कुंकू, उदबत्तीचा पुडा, आणि घरी झाकून ठेवलेला नारळीभात. माझी आत्याही जाते. पण तिचे हात रिकामे असतात. सुरूच्या झाडांपाशी ती उभी राहते, लोक गुडघाभर पाण्यात उतरून नारळ सोडतात ते बघते आणि सगळ्यांबरोबर परत येते. गेल्या चाळीस वर्षांत तिने समुद्राला नारळ दिलेला नाही.

माझी आतेबहीण तेव्हा नऊ वर्षांची होती, मी सात. मे संपत आला होता. ओहोटीला आम्ही पोरं कातळावर कालवं काढायला गेलो होतो. पाणी कधी फिरलं ते कळलं नाही. एक लाट आली, ती परत गेली, आणि माझ्या शेजारचा कातळ रिकामा होता. दोन दिवस होड्या फिरल्या. ती परत आली नाही. त्यानंतर समुद्राबद्दल एक वाईट शब्द आत्याच्या तोंडून मी ऐकलेला नाही. तिने नारळ देणं तेवढं थांबवलं.

चीनच्या पुराणातल्या गोष्टींबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात इथून झाली, कारण माझ्यापुरता त्या गोष्टींचा दरवाजा याच बाजूने उघडला. पुण्यात नोकरी करताना मी संध्याकाळच्या वर्गात चिनी भाषा शिकायला लागलो. कारखान्यात येणाऱ्या यंत्रांची माहितीपत्रकं वाचता यावीत, एवढाच हेतू. आमच्या बाई मात्र रोज तास संपताना फळ्यावर चार अक्षरं लिहायच्या. चिनीत त्याला छंग-यू म्हणतात. बहुतेक छंग-यू चारच अक्षरांचे असतात आणि कित्येकांच्या पोटात एक अख्खी गोष्ट घडी घालून ठेवलेली असते. आपण ‘सुदाम्याचे पोहे’ म्हणतो, ‘द्रौपदीची थाळी’ म्हणतो, आणि पुढचं सांगावं लागत नाही, तसंच. फरक इतकाच की चिनी माणसाच्या रोजच्या बोलण्यात असे शेकडो पोहे आणि शेकडो थाळ्या आहेत. कचेरीत, भांडणात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, सगळीकडे.

एका संध्याकाळी फळ्यावरची चार अक्षरं होती, ‘जिंगवेई समुद्र भरते’.

ही गोष्ट ‘शानहाय जिंग’ या ग्रंथात आहे. शान म्हणजे डोंगर, हाय म्हणजे समुद्र. दोन हजार वर्षांहून जुना, वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हातांनी रचलेला, अठरा भागांचा ग्रंथ. तो कथाग्रंथासारखा वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही. त्याची चाल तलाठ्याच्या दप्तरासारखी आहे. इथून उत्तरेला इतके कोस गेलं की अमुक डोंगर, त्यावर अमुक झाडं, अमुक प्राणी, त्याचं मांस खाल्लं की अमुक रोग बरा होतो, आणि अमुक नदी तिथून निघते. मग पुढचा डोंगर. या कोरड्या नोंदींत मध्येच फाज्यू नावाचा डोंगर येतो. त्यावर तुतीच्या जातीची झाडं पुष्कळ. तिथे एक पक्षी आहे. दिसायला कावळ्यासारखा, डोक्यावर नक्षी, चोच पांढरी, पाय लाल. त्याचं नाव जिंगवेई, आणि तो ओरडतो तेही स्वतःचंच नाव. ही मुळात यानदी नावाच्या पुराणातल्या सम्राटाची धाकटी मुलगी, नाव न्यूवा. ती पूर्व समुद्रावर खेळायला गेली, बुडाली आणि परत आली नाही. म्हणून ती जिंगवेई झाली. पश्चिमेच्या डोंगरातल्या काटक्या आणि दगड चोचीतून नेऊन ती पूर्व समुद्र भरत असते.

नोंद जवळजवळ इथेच संपते. मूळ चिनीत सगळी मिळून ऐंशीच्या आसपास अक्षरं. ‘बुडाली आणि परत आली नाही’ हे चार अक्षरांत येतं. बाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी वहीत काहीच लिहू शकलो नाही.

लहानपणी आजीकडून ऐकलेली टिटवीची गोष्ट त्या रात्री आठवली. ‘टिटवीदेखील समुद्र आटवते’ ही आपली म्हण तिथूनच आली. पंचतंत्रात ती सविस्तर आहे. टिटवीने किनाऱ्यावर अंडी घातली, समुद्राने ती गर्वाने ओढून नेली. टिटवा म्हणाला, चोचीने तुला आटवून टाकतो. पक्षी जमले, गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे गेला, विष्णूने अग्निबाण चढवला आणि समुद्र घाबरला. अंडी परत मिळाली. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची. तिच्यात दाद मागायला जागा आहे, वर कुणीतरी ऐकणारं आहे.

जिंगवेईला तसं कुणी नाही, आणि तिचा बाप काही साधासुधा नव्हे. यानदीला परंपरेने शेननोंगशी एकरूप मानलं जातं. शेननोंग म्हणजे माणसाला नांगर देणारा, शेती शिकवणारा, औषधी वनस्पती स्वतः चाखून बघणारा. चिनी लोक आजही स्वतःला यान आणि हुआंग (म्हणजे यानदी आणि पिवळा सम्राट) यांची लेकरं म्हणवतात. इतका मोठा बाप असून त्याने समुद्रावर बाण रोखला, असं कुठेही लिहिलेलं नाही. समुद्र घाबरत नाही, माफी मागत नाही, काही परत करत नाही. पक्षी दगड टाकतो, पुन्हा उडतो.

टिटवीच्या गोष्टीला मी खोटी म्हणत नाही. पण आमच्या घरात अंडी परत आली नव्हती. म्हणून मला ही दुसरी गोष्ट जवळची वाटली. तिला निकाल नाही. पक्ष्याने समुद्र भरला की नाही, हा प्रश्न ती विचारतच नाही. ती वाक्यं अशी लिहिली आहेत की आत्ता, या क्षणीसुद्धा तो पक्षी वाटेत कुठेतरी आहे.

पुढच्या काळात लोकांनी या गोष्टीत थोडी भर घातली. त्यातली एक मला विसरता येत नाही. जिंगवेईने शपथ घेतली की ज्या पाण्याने आपल्याला बुडवलं ते पाणी प्यायचं नाही. म्हणून तिला शपथेचा पक्षी म्हणतात, निश्चयाचा पक्षी म्हणतात, अन्याय झालेला पक्षीही म्हणतात. हे वाचलं आणि सुरूच्या झाडांखाली रिकाम्या हातांनी उभी असलेली आत्या मला दिसली.

इतकं असूनही ही गोष्ट मी तिला सांगितली नाही. इतर गोष्टी सांगत होतो. सुट्टीत गावी गेलं की पडवीत बसून एखादी तरी व्हायचीच. तिला आवडायच्या, आणि तिचे प्रश्न नेहमी असे असायचे की मला पुस्तकात पुन्हा बघावं लागे.

पहिल्यांदा सांगितली ती सोंग राज्यातल्या शेतकऱ्याची. ही मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाची. शेतकऱ्याला वाटलं, रोपं काही उंच होत नाहीत. म्हणून त्याने दिवसभर शेतात फिरून एकेक रोप थोडं थोडं वर ओढलं आणि थकून घरी आला. म्हणाला, आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतावर गेला, तर सगळी माना टाकून पडलेली. आत्या म्हणाली, “अरे, उपटतात तर आपण पण. तरवा उपटल्याशिवाय लावणी कशी होणार? पण उपटला की लगेच चिखलात मूळ धरायला द्यावं लागतं. त्याने वर ओढून तसाच ठेवला, तिथे चुकलं.” मेन्शियसला या गोष्टीतून मनातल्या एका शक्तीबद्दल बोलायचं होतं. तिची निगा राखणं सोडू नका आणि ती वाढावी म्हणून जबरदस्तीही करू नका, असं तो सांगतो. आत्याने तेच सांगितलं, फक्त चिखलातून.

गंमत म्हणजे प्राचीन चिनी बोधकथांतला मूर्ख बऱ्याचदा या सोंग राज्यातलाच असतो. झाडाच्या बुंध्याला आपटून मेलेला ससा आयता मिळाला, म्हणून नांगर टाकून दुसऱ्या सशाची वाट बघत बुंध्यापाशी बसलेला शेतकरीही सोंगचाच. ती गोष्ट हान फेइ या प्राचीन विचारवंताच्या ग्रंथात आहे. सोंगचे राजे म्हणजे हरलेल्या शांग घराण्याचे वंशज. जिंकलेल्या झोऊ घराण्याने त्यांना पूर्वजांची पूजा चालू ठेवायला तेवढं एक राज्य दिलं होतं. हरलेल्यांच्या नावावर मूर्खपणा खपवण्याची ही रीत सगळीकडचीच आहे, आणि गोष्ट ऐकताना मूर्ख कुठल्या गावचा आहे हे विचारून ठेवावं, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

ची राज्यातल्या माणसाची गोष्टही अशीच. आभाळ कोसळेल या भीतीने त्याची झोप उडाली, जेवण तुटलं. आज चिनीत ‘चीच्या माणसाची चिंता’ म्हणजे उगाचची काळजी. पण ची राज्याचे राजे त्याहून जुन्या श्या घराण्याचे वंशज मानले जात. म्हणजे तिथेही पुन्हा हरलेलेच. शिवाय ज्या लोकांच्या पुराणात आभाळ एकदा खरोखर फाटलं होतं, त्या लोकांतल्या कुणी अशी काळजी केली तर हसावं का? गोंगगोंग नावाच्या देवाने रागाने बुझोऊ पर्वताला डोकं आपटलं, आभाळाचा खांब मोडला, आभाळ वायव्येकडे कललं आणि जमीन आग्नेयेकडे खचली. म्हणून तर चीनच्या नद्या पूर्वेकडे वाहतात, असं त्या कथेचं म्हणणं. आणखी एका कथेत आभाळाला भोकं पडतात, आग विझत नाही, पाणी ओसरत नाही. तेव्हा न्यूवा देवी पाच रंगांचे दगड वितळवून आभाळ सांधते, प्रचंड कासवाचे पाय कापून चार दिशांना खांब म्हणून उभे करते आणि लव्हाळ्याची राख साचवून पूर अडवते. (ही न्यूवा वेगळी. बुडालेल्या मुलीच्या नावाचा उच्चार आपल्या कानाला जवळजवळ तोच लागला, तरी तिचं शेवटचं अक्षर दुसरं आहे.) आभाळ निर्माण करण्याच्या कथा सगळ्या संस्कृतींत आहेत. फाटलेलं आभाळ राखेने आणि दगडांनी दुरुस्त करणारी देवी मला दुसरीकडे क्वचितच भेटली. जुन्या घराचं छप्पर शाकारणाऱ्या बाईसारखी ती काम करते.

आत्याला सर्वात लांबलेली गोष्ट सांगितली ती मूर्ख म्हाताऱ्याची. यूगोंग त्याचं नाव, अर्थच ‘मूर्ख म्हातारा’. ही ‘लिएत्स’ या ग्रंथात येते. तायहांग आणि वांगवू हे दोन प्रचंड डोंगर त्याच्या दारासमोर उभे. वय नव्वदीला टेकलेलं. त्याने घरच्यांना जमवून सांगितलं, हे डोंगर खणून काढू. बायको म्हणाली, तुमच्याने एक टेकाड हलत नाही, आणि दगडमाती टाकणार कुठे? ठरलं की बोहाय समुद्राच्या किनाऱ्यावर नेऊन टाकायची. मुलगा आणि नातू घेऊन तो कामाला लागला. शेजारच्या विधवेचा सात-आठ वर्षांचा मुलगा, नुकते दुधाचे दात पडत असलेला, उड्या मारत मदतीला आला. समुद्रापर्यंत जाऊन यायला इतका वेळ लागायचा की हिवाळ्याचा उन्हाळा होईपर्यंत एक खेप पुरी व्हायची. नदीच्या वळणावरचा ‘शहाणा म्हातारा’ हसला. यूगोंग त्याला म्हणाला, त्या विधवेच्या लहान पोराइतकंही तुला कळत नाही. मी मेलो तरी मुलगा आहे, मुलाला मुलगा होईल, त्याला मुलगा होईल, आमचा वंश वाढत राहील आणि डोंगर काही वाढणार नाही. मग का संपणार नाही?

शेवटी या गोष्टीत देव येतो. हातात साप धरणाऱ्या देवाला भीती वाटते की हा माणूस खरंच थांबणार नाही. तो वर कळवतो, आणि दोन बलवान देवपुत्र दोन डोंगर पाठीवर घेऊन दुसरीकडे नेऊन ठेवतात.

मी गोष्ट संपवली, तर आत्याने डोंगरांबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, “त्या विधवेच्या पोराला कशाला नेलं समुद्रापर्यंत?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. या गोष्टीचे हजारो अर्थ वाचलेत, त्या मुलाच्या आईच्या नजरेने ती वाचलेली मला आढळली नव्हती.

तायहांग हा खरा डोंगर आहे. शानशी, हबेइ आणि हनान या प्रांतांच्या सीमेवरून उत्तर-दक्षिण पसरलेली उंच, उघडी, दगडी रांग. पहिल्यांदा तो माझ्या वाचनात आला तो या गोष्टीतून नव्हे, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या चरित्रातून. १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तायहांगच्या परिसरात, जपानी सैन्याने वेढलेल्या मुलखात, खेड्यातल्या घरांत चालणाऱ्या रुग्णालयाचं काम त्यांनी पाहिलं. चिनी बोलायला आणि वाचायला शिकले. तिथल्याच ग्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२ वर्षं.

कामानिमित्त एकदा मला शिजियाझ्वांगला जावं लागलं. एप्रिलचा पहिला आठवडा होता, छिंगमिंगचे दिवस. आपल्या सर्वपित्रीसारखा तो पितरांचा दिवस, थडगी झाडून स्वच्छ करण्याचा. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. लोक फुलं घेऊन येत होते. एक आजी नातवाला पांढरं शेवंतीचं फूल कसं ठेवायचं ते दाखवत होत्या. मी तिथे उभा राहून मराठीत काहीतरी पुटपुटलो. सोलापूरकडचं कुणीतरी आलंय एवढं त्यांना कळावं, असं वाटलं. सोलापूरकडचा मी नाही, पण त्या जागी अंतरं अशीच मोजली जातात.

यूगोंगच्या गोष्टीला राजकारणाने उचललं तेही याच काळात. ११ जून १९४५ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या सातव्या अधिवेशनाच्या समारोपात माओने ही गोष्ट सांगितली. दोन डोंगर म्हणजे साम्राज्यशाही आणि सरंजामशाही, आणि मदतीला येणारा देव म्हणजे चीनची जनता. पुढे ते भाषण पाठ म्हणण्याच्या तीन लेखांपैकी एक झालं. त्या तिघांतला आणखी एक लेख चीनमध्ये काम केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्यावरचा. ज्या रुग्णालयाला बेथ्यून यांचं नाव दिलं होतं, त्याचंच कोटणीस पुढे प्रमुख झाले होते.

माओच्या पाच वर्षं आधी या म्हाताऱ्याला एका चित्रकाराने भारतात बसून रंगवलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. श्यू बेइहोंग टागोरांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आले होते. १९४० मध्ये, भारतातच, त्यांनी चार मीटरहून लांब असं ‘डोंगर हलवणारा मूर्ख म्हातारा’ पूर्ण केलं. कुदळी उगारलेले ते उघडे, पिळदार पुरुष नीट पाहा. चेहरे आणि अंगकाठी भारतीय आहे, कारण समोर उभे केलेले लोक इथले होते. बायका-पोरं, टोपल्या, आणि पाठमोरा म्हातारा. त्या लहान मुलालाही श्यूंनी विसरलेलं नाही.

तायहांगमध्ये डोंगर खरोखर फोडला गेला तो १९६० च्या दशकात. हनान प्रांतातल्या लिनश्यान तालुक्यात पाणी नव्हतं. लोकांनी शेजारच्या शानशी प्रांतातल्या झांग नदीचं पाणी कड्याच्या पोटातून कालवा कोरून आणलं. फेब्रुवारी १९६० मध्ये सुरुवात, १९६९ मध्ये शेवट. मुख्य कालवा सुमारे ७० किलोमीटर, फाटे धरून दीड हजारांच्या घरात. बहुतेक काम हातोडा, पहार आणि सुरुंगाने, दोरावर लोंबकळत केलेलं. ८१ माणसं मेली. सुरुवातीची वर्षं म्हणजे चीनमधल्या महादुष्काळाची वर्षं, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. कालव्याचं पाणी आजही वाहतं आणि लोक त्याचं कौतुक मनापासून करतात. पण यूगोंगच्या गोष्टीत कुणी कुणाला कामाला जुंपलेलं नव्हतं. म्हाताऱ्याने आधी विचारलं, आणि मूळ मजकुरात घरच्यांनी एकमुखाने हो म्हटलं. हाक देणारा माणूस सत्तेवर असला की ‘हो’चा अर्थ बदलतो. गोष्ट थोर आहे म्हणून तिच्या नावाने मागितलेला प्रत्येक त्याग रास्त ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जिंगवेईच्या वाट्यालाही हे आलं. मिंग राजवट कोसळल्यावर गू यानवू या विद्वानाने नव्या सत्तेची चाकरी नाकारली आणि १६४७ मध्ये या पक्ष्यावर कविता लिहिली. कुणीतरी पक्ष्याला विचारतं, इतक्याशा जिवाने एवढा समुद्र भरायचा ध्यास कशाला? पक्षी सांगतो, समुद्र सपाट व्हायचा दिवस येणार नाही आणि माझं मन थांबायची वेळही येणार नाही. मग कवी पश्चिमेच्या डोंगराकडे बघतो, तिथे चिमण्या-पाखरं आपापली घरटी बांधण्यात गुंतली आहेत. स्त्रियांच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या च्यू जिनने ‘जिंगवेईचे दगड’ नावाची दीर्घ गीतकथा लिहायला घेतली. १९०७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला, गीतकथा अपुरी राहिली. आणि वांग जिंगवेईही होऊन गेला. क्रांतिकारक तरुणपणी त्याने या पक्ष्याचं नाव घेतलं, आणि १९४० मध्ये जपानी सैन्याच्या आश्रयाने नानजिंगमध्ये सरकार चालवायला बसला. नावाने पक्षी वश होत नाही.

पण मला सर्वांत जास्त भावतो तो ताओ युआनमिंग (३६५–४२७). सरकारी नोकरी सोडून शेतीला लागलेला कवी. उन्हाळ्यात नांगरट, पेरणी उरकून तो घरी बसून हाच डोंगर-समुद्रांचा ग्रंथ वाचतो आणि त्यावर तेरा कविता लिहितो. दहाव्या कवितेत त्याने जिंगवेईच्या शेजारी शिंगत्येनला बसवलं आहे. शिंगत्येनचं डोकं देवाने छाटलं. तेव्हा त्याने छातीवरच्या बोंडांचे डोळे केले, बेंबीचं तोंड केलं, आणि ढाल-कुऱ्हाड नाचवत तो लढतच राहिला. एक बुडालेली मुलगी आणि एक बिनडोक्याचा योद्धा. दोघेही हरलेले, दोघेही काम न थांबवलेले. ताओ त्यांना नमस्कार करत नाही, उपदेश काढत नाही. नुसता शेजारी बसवतो.

याच ग्रंथात ख्वाफू आहे, सूर्याचा पाठलाग करणारा. तहानेने त्याने ह्वांग ह म्हणजे पीत नदी आणि वेइ नदी पिऊन टाकली, तरी भागेना. उत्तरेच्या मोठ्या दलदलीकडे निघाला आणि वाटेतच मेला. त्याने टाकलेल्या काठीचं वन झालं. पुढच्या कथनांत ते पीचच्या झाडांचं वन आहे, म्हणजे मागून येणाऱ्या तहानलेल्यांना फळ. चीनने २०२२ मध्ये सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या उपग्रहाला ख्वाफूचं नाव आहे. चंद्रावरच्या मोहिमांना चंद्रावर गेलेल्या छांग-अ देवीचं, आणि २०१३ च्या फिरत्या गाडीला तिथे अमरत्वाचं औषध कुटणाऱ्या ‘जेडच्या सशा’चं. चंद्रावर ससा आपल्यालाही दिसतो, त्यामुळे ती बातमी घरची वाटली होती.

एका कथेपाशी मी नेहमी रेंगाळतो, ती महापुराची. गुनने पूर अडवायचा ठरवला. त्याने स्वर्गातून आपोआप वाढणारी माती चोरली आणि बांध घालत गेला. परवानगी न घेता चोरली म्हणून त्याला ठार केलं. त्याच्या पोटातून त्याचा मुलगा यू जन्मला. यूने बांध घालण्याऐवजी वाटा मोकळ्या केल्या, नद्यांना समुद्राकडे नेलं. तेरा वर्षं तो घराबाहेर होता, आणि तीनदा स्वतःच्या दारावरून गेला तरी आत शिरला नाही. चिनी शाळांत यूचा हा निःस्वार्थपणा शिकवतात. २०१६ मध्ये पीत नदीच्या जिशी घळीत इसवी सनपूर्व १९२० च्या सुमारास दरडीने घातलेला बांध फुटून प्रचंड पूर आल्याचा पुरावा काही शास्त्रज्ञांनी मांडला आणि हाच तो यूचा पूर, असं सुचवलं. त्यावर वाद आहेत. मला त्याहून जवळची वाटते ती एका जुन्या ग्रंथातली बारीकशी नोंद. यूची बायको, तूशानची मुलगी, त्याची वाट बघत होती आणि तिने एक गाणं म्हटलं. संपूर्ण गाणं चार अक्षरांचं. पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ ‘वाट बघते त्या माणसाची’. उरलेली दोन नुसते उद्गार, ओढलेला श्वास. दक्षिणेकडच्या संगीताची सुरुवात इथून झाली, असं तो ग्रंथ म्हणतो. म्हणजे नद्या वळवणाऱ्याच्या वाट्याला पराक्रम आला, आणि दारात उभी राहिलेल्या बाईच्या वाट्याला गाणं.

आत्याने ही गोष्ट ऐकून विचारलं होतं, “तिसऱ्यांदा गेला तेव्हा तरी तिने हाक मारली का?” पुस्तकात तसं काही नाही.

सीमेवरच्या म्हाताऱ्याच्या घोड्याची गोष्ट मी आता कुणाला सांगत नाही, कारण ती प्रत्येकाच्या फोनवर आलेली असते. घोडा पळाला, दुसरा घेऊन परत आला, मुलगा पडून पाय मोडला, म्हणून युद्धातून वाचला. बरं की वाईट, कुणी सांगावं. मूळ ‘ह्वायनानत्स’ या प्राचीन ग्रंथात एक वाक्य आहे ते या निरोपांतून गळून जातं. युद्धात सीमेवरच्या दहातले नऊ लोक मेले. ज्या शेजाऱ्यांनी घोडा पळाल्यावर सांत्वन केलं, परत आल्यावर अभिनंदन केलं, त्यांच्याच घरांतली ही मुलं. ते वाक्य वाचल्यावर म्हाताऱ्याची शांती मला एवढी सोपी वाटत नाही.

गेल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी, किनाऱ्यावरून आल्यावर आत्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. तिची ऐंशी उलटली आहे. मी शेजारी बसलो आणि वीस वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगितली. डोंगर, कावळ्यासारखा पक्षी, पांढरी चोच, लाल पाय. राजाची धाकटी मुलगी. खेळायला गेली, बुडाली, परत आली नाही. काटक्या आणि दगड. आणि ती शपथही.

आत्याचे हात थांबले नाहीत. बराच वेळ आठळीच्या सालीचा आवाज तेवढा येत होता.

“लांबून आणते दगड?”

“हो. पश्चिमेच्या डोंगरातून. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर आहे.”

“आणि त्याचं पाणी पीत नाही.”

“नाही.”

“मग तहान लागली की काय करते?”

मी आत जाऊन पुस्तक आणलं. फाज्यू डोंगराच्या नोंदीत पक्ष्याच्या गोष्टीनंतर आणखी एक वाक्य आहे. ग्रंथाच्या पद्धतीप्रमाणे आलेलं, भूगोलाचं. मी ते इतक्या वर्षांत नेहमी सोडून देत आलो होतो. आत्याला मराठीत वाचून दाखवलं. झांग नदी या डोंगरातून निघते, पूर्वेला वाहते आणि मोठ्या नदीला मिळते.

“गोडं पाणी?”

“गोडं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने पुढची आठळी उचलली.